डिलिव्हरीला सरकारी दवाखान्यात जाताय? आधी सोबतीण ठरवा

घरात कुणाला आठवा-नववा लागला असेल तर बॅग भरायच्या आधी लेबर रूममध्ये तिच्यासोबत आत कोण जाणार ते ठरवा. बऱ्याच जणींना माहितीच नसतं की सरकारी दवाखान्यात एक बाई सोबत आत थांबू शकते, केंद्र सरकारनं 2016 सालीच तशी परवानगी दिलीये. नात्यातली बाई हवी, शक्यतो स्वतःचं बाळंतपण झालेली, कपडे स्वच्छ, संसर्गाचा आजार नको आणि सिस्टरच्या कामात मध्ये मध्ये करायचं नाही. जिथं आडोशाची नीट सोय आहे तिथं नवऱ्यालाही आत घेता येतं.

आता सोबतीण म्हणजे घरातली मोठी म्हणून सासूबाईच असं काही नसतं बरं का. जिच्यासमोर तिला मोकळेपणी रडता-ओरडता येईल ती बाई हवी, मग बहीण असो, जाऊ असो, आणि हे त्या पोरीलाच विचारा. ठरलं की पुढच्या तपासणीलाच सांगून टाका, "मॅडम, डिलिव्हरीला हिची जाऊ आत थांबणार आहे, चालेल ना?" नाही म्हणाले तर तेव्हाच मेडिकल ऑफिसरना भेटा, आशाताईंना सोबत न्या. कळा सुरू झाल्यावर दारात वाद घालायचा म्हणजे त्या बाईचेच हाल.

सोबतीण इतकी महत्त्वाची का, तर कळा देणारी बाई भांडू शकत नाही. "तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस" हे वाक्य किती जणींनी ऐकलंय विचारा आपापल्या घरात, मांडीवर चापट बसलेल्याही निघतील. सिस्टर लोकांवर कामाचा भार प्रचंड असतो, ते मान्यच, पण शिवी दिल्यानं नि मारल्यानं बाळ लवकर येत नाही. असं झालं तर सोबतीणीनं आवाज न चढवता एवढंच म्हणायचं, "सिस्टर, मारू नका, काय करायचं ते सांगा, मी तिच्याकडून करून घेते." आणि वेळ नि नाव लक्षात ठेवायचं.

आत काय काय मागता येतं तेही माहीत असू द्या. हिंडू-फिरू द्या, पाणी पिऊ द्या, आतून तपासायच्या आधी सांगा, पडदा ओढा. पोट वरून दाबून बाळ ढकलायचं नाही आणि पहिलटकरीण आहे म्हणून सरसकट कापून टाके घालायचे नाहीत, हे जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 च्या सूचनांमध्ये स्पष्ट सांगितलंय. गरज पडली तर टाके घालतीलच, पण का ते विचारायचं. तांबीचंही (पुढचा गर्भ राहू नये म्हणून बसवतात ती कॉपर-टी) तसंच, तिनं हो म्हटल्याशिवाय बसवायची नाही. भर कळांत कागद पुढे केला तर आधी सोबतीणीनं मोठ्यानं वाचून दाखवायचा, मगच सही.

पैशाचं म्हणाल तर 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात नॉर्मल असो की सिझर, सगळं फुकट आहे. औषधं, तपासण्या, रक्त, जेवण (नॉर्मलला 3 दिवस, सिझरला 7), घरून न्यायला नि परत सोडायला गाडीसुद्धा. बाहेरून औषध आणा म्हणाले तर चिठ्ठीवर लिहून सही करून मागा, बिल जपून ठेवा. मुलगा झाला म्हणून पेढ्यांचे पैसे मागतात, बाळाला नीट बघणार नाहीत या भीतीनं माणसं देतातही, पण ते द्यायची गरज नाही आणि "साहेबांना विचारून देतो" म्हटलं की बहुतेक वेळा विषय तिथंच थांबतो.

तरी वाईट वागणूक मिळालीच तर डिस्चार्ज कार्ड आणि केसपेपरची कॉपी आधी घ्या. मग साध्या कागदावर तारीख, वेळ, कोण काय बोललं ते जसंच्या तसं लिहा. पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) असेल तर तालुका आरोग्य अधिकारी, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय असेल तर जिल्हा शल्यचिकित्सक, त्यांच्याकडे ही तक्रार द्या. दुसऱ्या कॉपीवर पोचपावतीचा शिक्का घ्यायचाच, त्याशिवाय टेबलावरून हलायचं नाही. जाणं जमत नसेल तर 104 वर फोन करून तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या.