स्थलांतर कायद्याचा एलएलएम करताय? या चुका टाळा

एलएलएमच्या, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, माझ्या पहिल्याच निबंधात मी 'एन. डी. आणि एन. टी. विरुद्ध स्पेन' हा खटला मोठ्या थाटात वापरला होता. मोरोक्कोतून त्याला लागून असलेल्या मेलिया या स्पॅनिश शहराचं कुंपण चढून आलेल्या दोघांना स्पेनने तिथल्या तिथे परत धाडलं. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१७ मध्ये याला सामूहिक हकालपट्टी ठरवून स्पेनला दोषी धरलं. माझा सगळा युक्तिवाद या निकालावर उभा. सरांनी समासात लाल पेनने दोनच शब्द लिहिले, 'पुढे काय?'

पुढे हे झालं, की १३ फेब्रुवारी २०२० ला त्याच न्यायालयाच्या ग्रँड चेंबरने, म्हणजे मोठ्या पीठाने, निकाल फिरवला. प्रवेशाचे कायदेशीर मार्ग असताना ते सोडून जमावाने कुंपण ओलांडलंत, मग प्रत्येकाची वेगळी चौकशी झाली नाही याला तुमचंच वागणं कारणीभूत, असा एकूण सूर. मला तो आजही पटत नाही. पण न पटणं वेगळं आणि ठाऊकच नसणं वेगळं. तेव्हापासून स्ट्रासबर्गचा कुठलाही निकाल वापरण्याआधी मी हुडॉक या त्यांच्या डेटाबेसवर खटल्याचं नाव टाकून ग्रँड चेंबरचा निकाल आहे का ते पाहते. पाच मिनिटांचं काम.

दुसरा घोळ नावांचा. स्ट्रासबर्गचं न्यायालय युरोपीय संघाचं नाही. संघाचं न्यायालय लक्झेंबर्गला आहे. तसंच संयुक्त राष्ट्रांची मानवाधिकार परिषद म्हणजे ४७ देशांचं राजकीय व्यासपीठ, तर त्यांचीच मानवाधिकार समिती म्हणजे नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारावर देखरेख करणारे १८ तज्ज्ञ. ही गल्लत दिसली की परीक्षक पुढचं वाचताना हात आखडता घेणारच.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते नॉन-रिफूलमेंटवर, म्हणजे धोका असलेल्या ठिकाणी माणसाला परत न पाठवण्याच्या तत्त्वावर. 'हे तत्त्व निरपवाद आहे' असं एक वाक्य ठोकून मुलं मोकळी होतात. प्रश्न असा की कुठल्या करारातलं? १९५१ च्या निर्वासित करारात ते कलम ३३ मध्ये आहे, आणि त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात अपवादही आहे: देशाच्या सुरक्षेला धोका ठरणाऱ्या किंवा विशेष गंभीर गुन्ह्यात अंतिम शिक्षा होऊन समाजाला धोका ठरणाऱ्या निर्वासिताला हे संरक्षण मागता येत नाही. छळविरोधी कराराच्या कलम ३ मध्ये असा अपवाद नाही. युरोपीय मानवाधिकार कराराच्या कलम ३ बाबतही 'चहल विरुद्ध युनायटेड किंग्डम' या १९९६ च्या निकालाने तेच सांगितलं: छळाचा खरा धोका असेल तर राष्ट्रीय सुरक्षेचं कारण चालणार नाही. म्हणून अशिलाला १९५१ च्या कराराचं दार बंद झालं, तरी दुसरं उघडं असू शकतं. परीक्षेतली समस्या बहुतेक वेळा इथेच रचलेली असते.

'क्लायमेट रेफ्युजींना (हवामान बदलामुळे देश सोडावा लागणाऱ्यांना) संयुक्त राष्ट्रांनी मान्यता दिली' हे वाक्य कृपा करून लिहू नका. किरिबाटी या बेटांच्या देशातल्या तेतिओता यांना न्यूझीलंडने आश्रय नाकारून परत पाठवलं, त्या प्रकरणात मानवाधिकार समितीने न्यूझीलंडने नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराचा भंग केला नाही, असंच म्हटलं. हवामान बदलामुळे जीविताला धोका निर्माण झाल्यास परत पाठवण्यावर बंधन येऊ शकतं, हे तत्त्व मात्र तिने मान्य केलं. बातमीच्या मथळ्यात पहिला भाग गळतो.

करार उद्धृत करताना संबंधित देश त्यात आहे का तेही बघा. स्थलांतरित कामगारांचा १९९० चा करार वाचायला सुंदर आहे, पण पश्चिम युरोप आणि उत्तर अमेरिकेतले कामगार घेणारे मोठे देश त्यात नाहीत. स्थलांतराविषयीचं २०१८ चं ग्लोबल कॉम्पॅक्ट तर मुळातच बंधनकारक नाही.

प्रबंधाचं म्हणाल, तर निर्वासितांच्या मुलाखती घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. एथिक्स कमिटीची परवानगी, दुभाषी, नाव गुप्त ठेवण्याची जबाबदारी, आणि समोरच्याचा दावा अजून प्रलंबित असेल तर तुमच्या नोंदींमुळे त्याचंच नुकसान होण्याची शक्यता, एवढं सगळं एका सत्रात बसत नाही. एकच कलम आणि त्यावरचे दहा-बारा निकाल घ्या, गाईड लगेच हो म्हणतील.