नागपुरात स्वतःच्या घरासाठी आर्किटेक्ट कसा निवडावा

थ्रीडी चित्रात ऊन लागत नाही. म्हणून चित्र बघून आर्किटेक्ट ठरवू नका. त्यानं बांधलेली, किमान दोन उन्हाळे काढलेली दोन घरं दाखवायला सांगा आणि जमलं तर मे महिन्यात दुपारी तीन-चारला जा. वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या खोलीत दहा मिनिटं बसा, भिंतीला हात लावून बघा. घरमालकाला विचारा: स्लॅब गळतो का, खर्च ठरल्यापेक्षा किती वाढला, आणि काम चालू असताना आर्किटेक्ट साइटवर किती वेळा आला?

मग तुमच्या प्लॉटबद्दल त्याला एकच प्रश्न करा: पश्चिमेच्या खिडक्यांचं काय करणार? उत्तर फक्त ‘दोन फुटांचा छज्जा’ असेल तर समाधान मानू नका. दक्षिणेचं ऊन वरून येतं, ते छज्जा अडवतो. संध्याकाळचं ऊन तिरपं येतं आणि छज्ज्याखालून थेट पलंगावर पडतं. त्या बाजूला जिना, संडास-बाथरूम, स्टोअर, लहान खिडक्या किंवा खिडकीबाहेर ऊन अडवणाऱ्या उभ्या पट्ट्या हव्यात.

कूलरचंही आधीच विचारा. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तेवढीच हवा समोरून बाहेर जायला वाट नसेल तर खोली चिकचिकीत होते. त्याची खिडकी, स्टँड, प्लग आणि पाण्याची पाइप नकाशात नसली, तर नंतर तो लोखंडी सांगाडा साइड मार्जिनमध्ये, म्हणजे घराच्या बाजूला सोडलेल्या मोकळ्या जागेत लटकतो.

आता कागद. आर्किटेक्ट्स ॲक्ट 1972 नुसार ‘आर्किटेक्ट’ हे नाव कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यांनाच लावता येतं. ‘सीए’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मागा आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासा. नकाशा मंजुरी कुणाकडे, महापालिका, सुधार प्रन्यास की महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, हे त्याला तुमच्या कागदांवरून सांगता यायला हवं. गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेल्या लेआउटमधला प्लॉट असेल तर जो आधी आरएल पत्र (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) मागतो, तो माणूस कामाचा. आरएल न बघता नकाशा काढायला बसणारा तुमचे पैसे वाया घालवेल.

शहराच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पायाला हलवते. मग प्लिंथजवळ (जोत्याजवळ) तिरप्या चिरा पडतात, फरशी उचलते. माती तपासायच्या आधीच फुटिंगची (कॉलमखालच्या पायाची) खोली सांगणाऱ्यापासून लांब राहा. स्ट्रक्चरल इंजिनिअर कोण, त्याची फी कुणी द्यायची, हेही तेव्हाच ठरवा.

सगळ्यात जास्त भांडणं फीवरून होतात, आणि खरं कारण असतं ते कामाची यादी न लिहिणं. मंजुरीच्या नकाशावर घर बांधता येत नाही, त्याला बांधकामाचे नकाशे लागतात: कॉलम-फुटिंगचे, दारं-खिडक्यांच्या मापांचे, जिन्याचे, प्लंबिंगचे, इलेक्ट्रिकचे. इलेक्ट्रिकचा नकाशा स्लॅब ओतण्यापूर्वी हातात हवा. उशिरा आला तर स्लॅबमधले पाइप राहून जातात आणि नवीन भिंती खाचा पाडून फोडाव्या लागतात. करारात प्रत्येक नकाशाचं नाव लिहून घ्या, साइट भेटीही मोजून लिहा: जमिनीवर चुन्यानं आखणी करताना, फुटिंगचे खड्डे झाल्यावर, प्लिंथला, प्रत्येक स्लॅबची सळई बांधून झाल्यावर काँक्रीट ओतण्याआधी, आणि प्लास्टरपूर्वी. दोन मजली घराला दहा-बारा भेटी तरी लागतात.

फी चौरस फुटावर असेल तर कोणत्या चौरस फुटावर? बिल्टअपमध्ये (बांधलेल्या क्षेत्रफळात) पोर्च, टेरेस, जिन्यावरची खोली धरली की आकडा फुगतो. टक्केवारीत असेल तर कोणत्या खर्चावर, हे लिहा. नाहीतर महाग टाइल्स तुम्ही निवडल्या की त्याची फीही वाढते. पैसे टप्प्यांनी द्या आणि मंजुरी मिळाल्याबरोबर अर्ध्यापेक्षा जास्त देऊन मोकळे होऊ नका, कारण खरं काम त्यानंतर सुरू होतं. काम अर्ध्यात थांबलं तर नकाशांच्या फाइल्स तुम्हाला मिळतील, ही ओळही करारात असू द्या. नवीन आर्किटेक्ट नेमताना आधीच्याचा हिशेब पूर्ण करा आणि त्याला लेखी कळवा. हे राहिलं तर नोंदणीकृत माणूस तुमचं काम हातात घ्यायला कचरतो.