पहिली नोकरी: अनुभव नसताना कामाचा पुरावा कसा तयार करावा

बी.कॉम., बी.एस्सी., बी.ए. होऊन वर्ष झालं, पोर्टलवर शेकड्यानं अर्ज टाकले, फोन एकही नाही. लातूर, परभणी, बीड, कुठंही गेलं तरी ही तक्रार ऐकू येते आणि ती खरी आहे. सल्ले मात्र तेच ते मिळतात: इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लाव, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट कर, पुण्याला जाऊन बघ. यात घरचे पैसे जातात आणि पोरांचा धीर सुटतो. पहिली नोकरी अडते ती "अनुभव आहे का?" या एका प्रश्नावर. त्याचं उत्तर कुठल्याच क्लासमध्ये मिळत नाही, ते स्वतः तयार करावं लागतं. नीट बसलं तर महिन्याभराचं काम आहे.

मार्कमेमो, टीसी, प्रोव्हिजनल, आधार, पॅन आणि पासबुक एका फाइलमध्ये आहेत असं धरून चालू. फक्त त्यांवरची नावं जुळवून बघा. "ज्ञानेश्वर" एका कागदावर डी-एन-वायनं सुरू होतो, दुसऱ्यावर जी-वायनं. कुठं वडिलांचं नाव पूर्ण असतं, कुठं नुसतं आद्याक्षर. नोकरी लागली की पीएफचा यूएएन (कायमचा खाते क्रमांक) आधारवरच्या नावानं निघतो आणि हा फरक तिथं नडतो. दहावीचा मेमो मूळ धरा, आधार-पॅन त्याच्याशी जुळवा. उलटं करू नका. बोर्डाच्या मेमोवरचं नाव बदलणं सगळ्यात किचकट आहे.

मग कामाचा एकच प्रकार ठरवा: अकाउंट्स, लॅब, ऑफिस. "कोणतंही काम चालेल" म्हणणाऱ्याला कोणतंच काम द्यावंसं वाटत नाही.

आता खरा अवघड टप्पा. बहुतेकांची गाडी इथंच अडते, म्हणून हा सविस्तर.

सी.ए.च्या ऑफिसला किंवा कंपनीच्या अकाउंट्स विभागाला तुमची टक्केवारी बघायची नसते. समोर बिलांचा गठ्ठा टाकला तर हा मुलगा, ही मुलगी तो निस्तरेल का, एवढंच बघायचं असतं. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं सर्टिफिकेट हे सांगू शकत नाही. तीन महिन्यांच्या खऱ्या बिलांवर तुम्ही केलेलं काम ते सांगतं.

त्यासाठी कृषी सेवा केंद्रासारखं दुसरं दुकान नाही, आणि मराठवाड्यात ते प्रत्येक मोठ्या गावात आहे. नात्यातलं, ओळखीचं कुठलंही चालेल. जून, जुलै, ऑगस्ट या खरिपाच्या तीन महिन्यांची खरेदी-विक्रीची बिलं आणि त्याच काळाचं बँक स्टेटमेंट मागा. दुकानदार बिचकणारच, कारण हिशोब बाहेर गेलेला कुणालाच आवडत नाही. म्हणून तीन गोष्टी आधीच सांगा: दुकानातच बसून काम करीन, बिलांचे फोटो काढणार नाही, बाहेर दाखवताना सगळी नावं बदलीन. त्या बदल्यात त्यांना उधारीची नीट यादी करून द्या. ती बहुतेकांकडे नसते आणि तिची गरज सगळ्यांना असते.

सुरुवात एक्सेलमधल्या खरेदी रजिस्टरनं करा. रकाने असे: तारीख, बिल नंबर, पुरवठादार, जीएसटी नंबर, करपात्र रक्कम, कराचा दर, सीजीएसटी आणि एसजीएसटी (राज्यातल्या खरेदीवरच्या कराचे केंद्राचा आणि राज्याचा असे दोन भाग), आयजीएसटी (परराज्यातल्या खरेदीवरचा कर), एकूण. आता कृषी केंद्रच का, ते बघा. बियाण्यावर कर नाही, रासायनिक खतावर ५ टक्के, कीटकनाशकावर १८ टक्के. दोन-तीन दरांचा माल एकाच बिलात आला की नवशिका सगळी रक्कम एका ओळीत भरून मोकळा होतो. मग बेरीज जुळते, पण कर जुळत नाही. जितके दर तितक्या ओळी, बिल नंबर तोच, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

दुसरी चूक राज्याच्या कोडची. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो आणि त्याचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, तेलंगणा ३६. उदगीरचा दुकानदार बीदरहून माल आणतो, देगलूरचा निजामाबादहून. त्या बिलावर आयजीएसटी लागतो. सवयीनं तो सीजीएसटी-एसजीएसटीत विभागला की पुढचं सगळं चुकतं. रजिस्टर पूर्ण झालं की जीएसटी नंबरच्या पहिल्या दोन आकड्यांवर फिल्टर लावा. २७ सोडून आलेली प्रत्येक ओळ हातानं तपासा. दहा मिनिटांचं काम आहे, टाळू नका.

मग रजिस्टर जीएसटीआर-२बीशी जुळवा. पुरवठादारांनी आपल्या विवरणपत्रात दाखवलेली बिलं या पत्रकात असतात आणि ते दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं. २बीत न दिसणाऱ्या बिलावरचा कर वळता करून घेता येत नाही, म्हणजे विक्रीवर भरायच्या करातून वजा करता येत नाही, म्हणून प्रत्येक ऑफिसात ही जुळवणी महिन्याच्या महिन्याला होते आणि तिला माणूस लागतो. दुकानदाराकडं पोर्टलचा पासवर्ड मागू नका. पासवर्ड तुमच्याकडं आला आणि पुढं काही घोटाळा झाला तर नाव तुमचं येईल. त्यांच्या कर सल्लागाराकडून २बीची एक्सेल फाइल मागवून घ्या.

जुळवताना बिल नंबरावर थेट व्हीलुकअप (एक्सेलमधलं शोधून जुळवणारं सूत्र) लावलं की निम्मी बिलं "सापडत नाहीत". घाबरू नका. तुम्ही "१०४५" लिहिलेलं असतं आणि पुरवठादारानं त्याच आकड्यापुढं शून्यं, तिरपी रेघ, आर्थिक वर्ष असं सगळं लावलेलं असतं. जीएसटी नंबर आणि करपात्र रक्कम जोडून एक वेगळा रकाना करा, त्यावर जुळवा, पैशांतल्या रकमा आधी पूर्ण रुपयात करून घ्या. उरतील ती खरी न जुळणारी बिलं. त्या प्रत्येकापुढं कारण लिहा: पुरवठादारानं दाखवलं नाही, पुढच्या महिन्यात दाखवलं, नंबर चुकला. कारणाचा हा रकानाच तुमचा पुरावा आहे. बाकी आकडेमोड संगणकही करतो.

बँकेची जुळवणी त्यानंतर. दिलेला पण न वटलेला चेक, बँकेचे चार्जेस, आणि हल्लीची मोठी डोकेदुखी म्हणजे क्यूआर कोडवरची विक्री. गिऱ्हाइकं दिवसभर शंभर-दोनशे-पाचशे टाकतात आणि अनेकदा बँक खात्यात एकत्र रक्कम जमा होते. ती एकेका बिलाशी जुळवायच्या नादाला लागू नका. दिवसाची क्यूआर विक्री हिशोबातल्या एका वेगळ्या खात्यात घ्या आणि जमा रक्कम त्याच खात्यात वळती करा.

शेवटी उधारी. "सोयाबीन निघालं की देतो" या बोलीवर गेलेला माल ऑक्टोबरपर्यंत अडकतो. गिऱ्हाइकानुसार यादी करा आणि ३० दिवसांपर्यंत, ३१ ते ९०, ९० च्या वर असे तीन रकाने पाडा. कंपनीत यालाच एजिंग म्हणतात. उलट बाजूनं दुकानदाराचं देणंही बघा: पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे गेले नाहीत तर वळता केलेला कर परत भरावा लागतो. अशी बिलं शोधून दिली तर दुकानदार पुढच्या वर्षी स्वतःहून बोलावील.

टॅलीबद्दल एक इशारा. लायसन्स नसलेली टॅली एज्युकेशनल मोडमध्ये चालते आणि त्यात महिन्याच्या फक्त १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी होतात. खरी तारीख टाकता येत नाही म्हणून कित्येकजण सगळी बिलं १ तारखेला चढवतात. ते पुराव्याचं काम राहत नाही, जाणकार माणूस पहिल्याच पानावर ओळखतो. लायसन्सची प्रत वापरायला मिळत असेल तर टॅली, नाहीतर सरळ एक्सेल. चोरीची प्रत नको.

हे सगळं दोन पानांत बसवा. पहिल्या पानावर पाच-सहा ओळी: दुकानाचा प्रकार, कालावधी, किती बिलं, किती जुळली नाहीत, त्यांवरचा कर किती, कारणं कोणती. दुसऱ्या पानावर न जुळलेल्या बिलांचा तक्ता, नावं बदलून. चाळीस पानांचा स्पायरल बाइंडिंगचा प्रोजेक्ट कुणी उघडत नाही. आणि झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रोजेक्ट तर अजिबात आणू नका. "या बिलाचं पुढं काय झालं?" एवढ्या एका प्रश्नात तो उघडा पडतो, आणि त्या ऑफिसचं दार कायमचं बंद होतं.

केमिस्ट्रीवाल्यांनी हीच रीत प्रयोगशाळेत वापरावी. कॉलेजच्या लॅबमध्ये एकच टायट्रेशन दहा वेळा करा, दहाही रीडिंग तारीख-वेळ घालून लिहा, सरासरी आणि फरक काढा, फरक का पडला ते लिहा. लिहिताना औषध कंपनीची शिस्त पाळा: चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनर नाही, गिरवणं नाही. वाळूज-चिकलठाण्याच्या औषध कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलला हेच बघतात. बी.ए.वाल्यांनी शासनाच्या टंकलेखन परीक्षा द्याव्यात, मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी भरतीलाही त्या लागतात, म्हणजे स्पर्धा परीक्षेची तयारी चालू असली तरी ही मेहनत वाया जात नाही.

बायोडाटा एका पानाचा. सगळ्यात वर हे काम, मग शिक्षण. छंद, वैवाहिक स्थिती, खालचं प्रतिज्ञापत्र, सगळं काढा. स्पर्धा परीक्षेत दोन वर्षं गेली असतील तर तसं सरळ लिहा, लपवलेली वर्षंच जास्त विचारली जातात. शहर लिहिताना छत्रपती संभाजीनगर आणि औरंगाबाद ही दोन्ही नावं घाला. पोर्टलवर शोधणारे अजून जुन्या नावानंही शोधतात.

बायोडाटा कुणाच्या हातात द्यायचा, हे महत्त्वाचं. गेटवरच्या सिक्युरिटीकडं दिलेला गठ्ठा तिथंच राहतो. जालन्याच्या स्टील आणि बियाणे कंपन्या, लातूरच्या डाळमिल, वाळूज-शेंद्र्यातले छोटे पुरवठादार, सगळीकडं अकाउंटंट असतो आणि काम त्याच्या टेबलावर साचतं. त्याला गाठा. सी.ए. ऑफिसला ११ आणि २० तारखेच्या आसपास जाऊ नका: मासिक विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-१ (विक्रीचं) ची मुदत ११, ३बीची (कर भरण्याच्या विवरणपत्राची) २०. जुलै आणि सप्टेंबरचा शेवटही टाळा. २१ नंतर, सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या जा, दोन पानं द्या, "चार दिवस बसवून बघा" म्हणा.

सोबत नॅट्स या केंद्र सरकारच्या पोर्टलवर अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार म्हणून नोंदणी करून ठेवा. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.लाही ती करता येते. ३० किंवा त्याहून जास्त मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घ्यावेच लागतात, हा कायदा आहे. पण क्रम चुकवू नका: एक वर्ष नोकरी केली की ही वाट बंद होते, म्हणून अप्रेंटिसशिप आधी. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात पदवीधरांसाठी दरमहा १० हजार रुपये विद्यावेतन ठरलं होतं. तुमच्या जिल्ह्यात सध्या जागा आहेत का ते राज्याच्या महास्वयम या रोजगार पोर्टलवर बघा. ते प्रशिक्षण आहे, कायम नोकरीचं आश्वासन नाही, हे लक्षात ठेवून घ्या.

मुलाखतीत स्वतःची ओळख पाठ करून म्हणू नका. दोन पानं पुढं करा आणि मराठीत का होईना, काय केलं ते सांगा. इंग्रजी शब्द लागतील तेवढे आपोआप येतात, ते या कामातलेच असतात.

नोकरीसाठी पैसे मागितले की तिथून उठा. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किट, डिपॉझिट, नाव काहीही असो. ऑनलाइन पैसे गेलेच तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मूळ मेमो आणि टीसी दाखवायचे, ठेवून द्यायचे नाहीत. ऑफर लेटरवर कंपनीचं नाव आहे की ठेकेदाराचं, ते वाचा. ठेकेदाराचं असलं तरी पीएफ, ईएसआय (कामगार विमा) असेल तर पहिलं वर्ष काढायला हरकत नाही. नसेल तर घेऊ नका.

पगाराचा हिशोब घरीच करून बघा. एकूण पगार १८,००० आणि त्यातला बेसिक १५,००० धरला तर पीएफ १,८००, ईएसआय १३५, पुरुषांना व्यवसाय कर २००. हातात येतात १५,८६५. महिलांना २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर नाही, त्यांच्या हातात १६,०६५. हीच नोकरी मालकाच्या वाट्याचे १,८०० आणि ५८५ मिळवून २०,३८५ सीटीसीची (मालकाला पडणाऱ्या एकूण खर्चाची) म्हणून सांगितली जाते. पुण्याच्या ऑफरची इथल्या ऑफरशी तुलना हातात येणाऱ्या रकमेवर करा, आणि त्यातून कॉट बेसिसचं (खोलीतल्या एका खाटेचं) भाडं आणि मेस आधी वजा करा.

रुजू झाल्यावर दुसऱ्या महिन्याच्या १५ तारखेनंतर पीएफचं पासबुक उघडून बघा. पहिल्या महिन्याचे पैसे तोपर्यंत मालकानं भरायचे असतात. नोंद दिसायला थोडे दिवस लागतात. पण तिसऱ्या महिन्यातही पान कोरंच असेल आणि पगारपत्रकावर कपात दिसत असेल, तर पगारपत्रकं जपून ठेवा आणि पीएफ कार्यालयाच्या तक्रार पोर्टलवर यूएएन घालून तक्रार नोंदवा.