ग्रास पेव्हरची पायवाट: भोकं काठोकाठ भरू नका

ग्रास पेव्हर म्हणजे भोकांचे काँक्रीट ब्लॉक; भोकांत माती भरून गवत लावायचं. गवंडी आधी म्हणेल, “खाली पीसीसी (साध्या काँक्रीटचा थर) करून घेऊ, पक्कं होईल.” नको म्हणा. काँक्रीटवर पाणी मुरत नाही. पावसाळ्यात मुळं कुजतात, एप्रिलमध्ये तेच गवत करपतं.

३० फूट लांब, ३ फूट रुंद वाटेसाठी ९ इंच खणा: ५ इंच २० एमएम खडी (अर्धा ब्रास, म्हणजे ५० घनफूट पुरते), १ इंच कच (दगडाचा बारीक चुरा), वर ८० एमएमचा ब्लॉक. खडी धुम्मसाने चोपा आणि तिच्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं जाड कापड) अंथरा, नाहीतर कच फटींतून गळते आणि ब्लॉक खचतात. पुण्यात अनेक ठिकाणी काळी माती लागते. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिथे आणखी ४ इंच खणून मुरूम भरा. उतार घरापासून लांब, दर ३ फुटांना पाऊण इंच. दोन्ही कडांना कर्ब (काठाचे उभे दगड) हवाच. ब्लॉक मांडणं सोपं आहे: दोरी, लेव्हल, रबरी हातोडा.

वाट बिघडते ती भोकं भरताना. भोकं मातीने काठोकाठ भरली की गवताचा गड्डा (पाती फुटतात तो बुडखा) ब्लॉकच्या वर येतो, प्रत्येक पाऊल थेट त्याच्यावर पडतं, आणि दोन महिन्यांत उरतो नुसता चिखल. लावलेल्या गवताचा गड्डा ब्लॉकच्या कडेपेक्षा अर्धा इंच खालीच हवा. वजन काँक्रीटने पेलायचं, गवताने नाही.

नुसती लाल मातीही चालणार नाही, ती वाळून विटेसारखी होते. दोन भाग पोयटा, एक भाग धुतलेली कच, एक भाग चाळलेलं शेणखत. कचेतली भुकटी धुतली नाही तर निचरा बंद. शेणखत वाढवायचा मोह आवरा. ते कुजून बसतं आणि खड्डे पडतात. मिश्रण भरून भरपूर पाणी द्या, दोन दिवस बसू द्या, मग पुन्हा भरा आणि काठाच्या इंचभर खाली थांबा. चोपायचं अजिबात नाही.

गवत हरळीचं. रोपवाटिकेत मखमली लॉन गळ्यात मारतील, पण रोजची ये-जा हरळीच सोसते. तिला ऊन मात्र हवं. आंब्याखालच्या तुकड्यात सरळ शहाबादी फरशी टाका.

जूनचे दोन-चार चांगले पाऊस झाले की प्रत्येक भोकात मुळांसकट दोन-तीन काड्या खोचा. सहा आठवडे त्यावरून चालू नका. पहिल्या उन्हाळ्यात रोज सकाळी पाणी, कारण तापलेला ब्लॉक चारही बाजूंनी माती सुकवतो.