रक्तवाहिन्यांच्या व्हायवाची तयारी : सुरुवात बोटांपासून

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, आठवड्यावर आली की होस्टेलच्या गच्चीवर पाठांतराचा सूर लागतो. ब्रॅकिओसेफॅलिक, लेफ्ट कॉमन कॅरोटिड, लेफ्ट सबक्लेव्हिअन. नावं धडाधड येतात, पण "हीच आर्टरी हाताला लागते कुठे, दाखव" म्हटलं की हात तिथेच थबकतो. गेली कित्येक वर्षं मी हे पाहते आहे. म्हणून माझ्या यादीत पुस्तक नंतर येतं, आधी बोटं.

नखं आजच कापा. नख वाढलेलं असलं की बोटाचं पेर त्वचेवर सपाट टेकत नाही आणि बारीक ठोका निसटतो. जवळ सेकंदकाट्याचं घड्याळ, स्टेथोस्कोप, बीपीचं यंत्र, लाल-निळी पेन्सिल आणि भरपूर पाठकोरे कागद ठेवा. शिवाय रोज तासभर हातपाय तुमच्या स्वाधीन करेल अशी एक मैत्रीण शोधा. शाळेत कुणी धमनी-शिरा शिकलेलं असतं, कुणी रोहिणी-नीला. वार्डात सगळे आर्टरी आणि व्हेन म्हणतात. तिन्ही जोड्या वहीच्या पहिल्या पानावर एकाखाली एक लिहून टाका, म्हणजे प्रश्न कोणत्याही शब्दात आला तरी गोंधळ व्हायचा नाही.

"धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध" ही व्याख्या मात्र वहीतून खोडा. हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शिरा, एवढंच खरं. पल्मोनरी आर्टरी ऑक्सिजन कमी असलेलं रक्त फुप्फुसांकडे नेते आणि चार पल्मोनरी व्हेन्स ऑक्सिजनने भरलेलं रक्त परत आणतात. बाळाच्या नाळेतही तसंच असतं : दोन आर्टरी, एक व्हेन, आणि बाळाकडे ऑक्सिजन येतो तो त्या एकुलत्या व्हेनमधून. पुढे लेबर रूममध्ये नाळ कापल्यावर ही तीन तोंडं तुम्हालाच मोजायची आहेत, तेव्हा आत्ताच नीट समजून घ्या.

मग चित्र. पुस्तकातलं ट्रेस करू नका, कोऱ्या कागदावर रक्ताची वाट स्वतः काढा. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून एऑर्टा, म्हणजे शरीरातली सगळ्यात मोठी धमनी, वर निघते, निघता निघताच हृदयाला स्वतःच्या दोन कॉरोनरी आर्टरी देते, मग कमान घेते. कमानीवरून गच्चीवर पाठ होणारे तेच तीन फाटे निघतात. पुढे ती छातीतून खाली उतरते, डायफ्रॅम, म्हणजे छाती-पोटामधला पडदा, ओलांडते, पोटात यकृत-जठराकडे, आतड्यांकडे आणि दोन्ही किडन्यांकडे फांद्या देते आणि कमरेच्या चौथ्या मणक्याशी, म्हणजे साधारण बेंबीच्या पातळीला, दुभंगते. इथे एक खाचखळगा आहे. ब्रॅकिओसेफॅलिक आर्टरी फक्त उजवीकडे असते, डावीकडे कॅरोटिड आणि सबक्लेव्हिअन थेट कमानीतूनच निघतात. ब्रॅकिओसेफॅलिक व्हेन्स मात्र दोन्हीकडे असतात आणि त्या दोघी मिळून सुपीरिअर व्हेना कावा, म्हणजे वरच्या अंगाचं रक्त हृदयाकडे आणणारी मोठी शीर, होते. लाल आणि निळी पेन्सिल हातात घेऊन हे चित्र तीनदा काढलं, तर परीक्षकांनी कसंही फिरवून विचारलं तरी तुम्ही चुकणार नाही.

रक्तवाहिन्यांच्या भिंतींच्या तीन थरांची नावं लिहून झाली की थोडा वेळ त्या भिंतींच्या कामावर घालवा. विश्रांतीत हृदय एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं, मिनिटाला जवळजवळ 5 लिटर. हा लोंढा आला की एऑर्टा ताणली जाते, आणि हृदय सैल पडताच पुन्हा आकसून रक्त पुढे रेटत राहते. म्हणून तर दोन ठोक्यांच्या मध्येही रक्त वाहतं आणि बीपीचा खालचा आकडा शून्यावर जात नाही. शिरांची भिंत पातळ आणि ढिली असते. शरीरातलं निम्म्याहून जास्त रक्त कोणत्याही क्षणी त्यांच्यातच असतं.

आता मैत्रिणीला समोर बसवा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला, हाड आणि ताठ दोरीसारखी लागणारी कंडरा यांच्यामधल्या खाचेत तीन बोटं ठेवा. अंगठा वापरायचा नाही, कारण त्याला स्वतःचा ठोका असतो. हे मी वाचून सांगत नाही. पहिल्या पोस्टिंगला एका आजोबांची पल्स मी अंगठ्याने मोजली आणि चार्टवर 88 लिहिली. इन्चार्ज सिस्टरांनी शंका येऊन तीन बोटांनी पूर्ण मिनिट मोजली, तर 52 भरली. ते 88 ठोके माझे होते, आणि त्या आकड्यावर विसंबून पुढचं औषध दिलं जाणार होतं. तेव्हापासून मी प्रत्येक बॅचला ही खाच आधी शोधायला लावते. नुसता वेग मोजू नका. ठोका नियमित आहे का, भरदार आहे का, दोन्ही हातांना सारखा लागतो का, तेही बघा.

तिथून वर कोपरावर या. कोपराच्या घडीत बायसेप्सच्या कंडरेच्या आतल्या बाजूला ब्रॅकिअल आर्टरी लागते, आणि बीपी घेताना स्टेथोस्कोप तिच्यावरच टेकायचा असतो. त्याच घडीत वर, कातडीखाली तिरकी जाणारी मीडिअन क्युबिटल व्हेन दिसेल. रक्ताचे नमुने बहुतेकदा हिच्यातून घेतात. दोघींच्या मध्ये बायसेप्सपासून निघालेला एक चिवट पडदा आहे, तो खालच्या आर्टरीला सुईपासून वाचवतो. ज्या हाताला डायलिसिससाठी फिस्टुला केलेला आहे त्या हाताला मात्र बीपीचा पट्टा नाही, सुई नाही. तिथे आर्टरी थेट व्हेनला जोडलेली असते आणि पेशंटचं डायलिसिस तिच्यावरच अवलंबून असतं.

हातावरच एक प्रयोग करून ठेवा. विल्यम हार्वे या इंग्लिश डॉक्टरने 1628 मध्ये रक्ताभिसरणाबद्दल जे छापलं, त्यात तो होता. दंडावर पट्टा बांधा, फुगलेली एक शीर निवडा, मनगटाच्या बाजूला एका बोटाने ती दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने आतलं रक्त कोपराच्या दिशेने, पुढच्या गाठीपलीकडे सरकवा. वरचं बोट उचललं तरी मधला तुकडा रिकामाच राहतो, कारण त्या गाठीशी झडप आहे आणि ती रक्त मागे येऊ देत नाही. खालचं बोट उचला, शीर सर्रकन भरते. हे डोळ्यांनी एकदा पाहिलं की झडपांवरचं पान पाठ करावं लागत नाही. पट्टा लगेच सोडा.

मानेवर कॅरोटिड शोधताना एका वेळी एकच बाजू, तीही हलक्या हाताने. जांघेत फीमोरल, बाहेरून आत नर्व्ह, आर्टरी, व्हेन हा क्रम. गुडघ्यामागची पॉप्लिटिअल खोल असते, गुडघा थोडा वाकवून दोन्ही हातांच्या बोटांनी शोधा.

पावलाला मात्र वेळ द्या, इथे बहुतेक जणी घाई करतात. मैत्रिणीला पायाचा अंगठा वर उचलायला सांगा. पावलावर एक कंडरा ताठ उभी राहील. तिच्या करंगळीकडच्या अंगाला डॉर्सॅलिस पेडिस लागते. काहींना ती जन्मतःच लागत नाही, घाबरू नका. आतल्या घोट्याच्या मागे पोस्टेरिअर टिबिअल बघा. त्याच घोट्याच्या पुढून ग्रेट सॅफेनस व्हेन वर जाते, शरीरातली सगळ्यात लांब शीर, बायपासमध्ये बहुधा हिचाच तुकडा वापरतात. मधुमेहाच्या पेशंटच्या पायावर हे दोन ठोके तुमच्या बोटांना आले पाहिजेत, कारण पाय काळा पडायच्या आधी रक्त कमी पोचत असल्याचं तिथेच कळू शकतं.

पोटातल्या दोन गोष्टी हाताला लागत नाहीत, त्या कागदावरच पक्क्या करा. पोर्टल व्हेन आतड्यांकडून आणि प्लीहेकडून रक्त घेऊन हृदयाकडे न जाता यकृतात शिरते; तिच्या दोन्ही टोकांना केशवाहिन्यांची जाळी आहेत आणि यकृताला मिळणाऱ्या रक्ताचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग तिच्यातून येतो. दुसरी इन्फीरिअर व्हेना कावा, खालच्या अंगाचं रक्त हृदयाकडे आणणारी मोठी शीर. ती एऑर्टाच्या उजवीकडे असते. दिवस भरत आलेली बाई उताणी झोपली की गर्भाशयाचं वजन या शिरेवर येतं, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि बाईला घाम सुटतो, गरगरतं. म्हणून आपण तिला डाव्या कुशीवर वळवतो. "डाव्याच का?" हा प्रश्न आला तर एऑर्टा आणि इन्फीरिअर व्हेना कावा या दोन्ही वाहिन्यांची जागा सांगा.

आदल्या रात्री नवीन काही वाचू नका. मैत्रिणीच्या पावलावर पेनाने खुणा केल्या असतील तर त्या साबणाने घासून काढा आणि सकाळी एकदा खुणांशिवाय सगळे ठोके पुन्हा शोधा.