इको की रिव्हर्ब? टाळी वाजवून ओळखा

गणपतीच्या मंडपात गायक माइकवरून सांगतो, "दादा, जरा इको द्या." दादा इकोचं बटण फिरवतात आणि प्रत्येक शब्दामागून तोच शब्द पुन्हा यायला लागतो. गायकाला बहुतेक वेळा हवा असतो रिव्हर्ब.

दोन्ही प्रकार आवाज आपटून परत येण्याचेच. परत आलेला आवाज मूळ आवाजापासून सुटा ऐकू आला तर तो इको, म्हणजे प्रतिध्वनी. असंख्य परावर्तनं एकमेकांत मिसळून आवाज नुसता रेंगाळत विरला तर तो रिव्हर्ब. आपण म्हणतो ना, 'खोली घुमते', ते हेच.

१. टाळी वाजवा. एकच, जोरात, आणि मग गप्प उभे राहा. दुसरी टाळी स्पष्ट आली तर इको. सामान हलवलेल्या रिकाम्या घरात येते तशी लांबट शेपटी आली तर रिव्हर्ब. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये मात्र 'झर्रर्र' असा पत्र्यासारखा आवाज येतो. तो इकोच, फक्त भराभर येणारा. त्याला फ्लटर इको म्हणतात.

२. अंतराचा हिशेब करा. २० अंश तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. सुटा प्रतिध्वनी ऐकू यायला साधारण ०.१ सेकंदाचं अंतर लागतं, म्हणजे जाऊन-येऊन ३४ मीटर, भिंत निदान १७ मीटर दूर हवी. दहा बाय बाराच्या खोलीत 'इको येतो' अशी तक्रार असेल, तर ती जवळजवळ नेहमीच रिव्हर्बची असते. उलट माथेरानच्या इको पॉइंटवर हाक मारून स्टॉपवॉच लावा. उत्तर दोन सेकंदांनी आलं तर समोरचा कडा ३४३ मीटरवर आहे.

३. घुमणं किती, ते ठरवा. हे मोजायला शिकवलं अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातल्या नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. पुढची वाक्यं त्याच्यावरच चढायची. सॅबिन रात्री, सगळं शांत झाल्यावर, शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडत. मग ऑर्गनचा पाइप वाजवून आवाज विरायला लागणारा वेळ मोजत. आज आवाज ६० डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप) उतरायला लागणारा वेळ हेच माप धरतात. भाषणाला सेकंदभर पुरे, सिंफनीच्या सभागृहाला दोनच्या आसपास.

४. मिक्सरवरची बटणं वाचा. 'डिले' (आवाज किती वेळाने परत येतो) आणि 'रिपीट' किंवा 'फीडबॅक' (किती वेळा येतो) दिसलं की तो इको. 'हॉल', 'रूम', 'प्लेट', 'डिके' (विरायला लागणारा वेळ) दिसलं की रिव्हर्ब. स्वस्त कराओके मिक्सरवर बऱ्याचदा फक्त इकोच असतो, तिथे डिले आणि रिपीट दोन्ही अगदी कमी ठेवा. गाण्यासाठी रिव्हर्बचा डिके दीड-दोन सेकंद ठेवून सुरुवात करा. रिव्हर्ब ऐकू येईपर्यंत वाढवा, मग किंचित मागे घ्या. इको वापरायचाच असेल तर डिले तालाशी बांधा: ६०,००० भागिले मिनिटाचे ठोके. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात ५०० मिलिसेकंद.

घोषणेच्या वेळी दोन्ही बंद. हरवलेल्या मुलाचं नाव तीन-तीनदा घुमलं तर आईलाही कळत नाही, पण हे बटण बंद करायचं नेमकं कुणालाच आठवत नाही.

५. खोलीचा इलाज करा. रिव्हर्ब कमी करायला जाड पडदे, सतरंज्या, गाद्या. माणसं भरली तरी फरक पडतो. इकोला एवढा पसारा लागत नाही. आवाज परत पाठवणारी भिंत शोधा, तिच्यावर जाड काहीतरी लावा किंवा स्पीकरचं तोंड तिच्याकडून वळवा. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका. पातळ पुठ्ठा खालचे स्वर जवळपास शोषतच नाही.