रीफ टँकची वाळू सारखी घाण होतेय? घासण्याआधी या चुका टाळा

रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्याचा, कोरल आणि समुद्री माशांचा टँक. तो ठेवणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. रविवारी वाळू पांढरीशुभ्र केली, बुधवारी पुन्हा तपकिरी. मग पुढच्या रविवारी आणखी जोरात सायफन. खरं तर वाळू घाण होण्याचं कारण वाळूत क्वचितच असतं. ते पाण्यात, प्रवाहात किंवा माशांच्या खाण्यात असतं. ते न शोधता वाळू उपसत बसणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

घरच्या आरओवर डोळे झाकून विश्वास

सोलापुरात उजनीचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं आणि मधल्या दिवसांत बोअर चालतो. बोअरच्या पाण्याने बादलीवर चढणारा पांढरा थर सगळ्यांनाच माहीत आहे, म्हणून लोक स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी टँकला घालतात आणि निर्धास्त होतात. घोळ इथेच होतो. बऱ्याच घरगुती आरओमध्ये चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, आणि तो मेम्ब्रेनमधून न गेलेलं थोडं पाणी शुद्ध पाण्यात परत मिसळतो. प्यायला ते ठीक आहे. टँकमध्ये मात्र त्याबरोबर नायट्रेट आणि सिलिकेट जातं, आणि सिलिकेट हे डायटमचं, म्हणजे वाळूवरच्या त्या तपकिरी भुकटीचं, आवडतं खाद्य.

मेम्ब्रेननंतर पण कंट्रोलर आणि मिनरल कार्ट्रिजच्या आधी वेगळी नळी काढून घ्या आणि तिला डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार शोषणारे दाणे) जोडा. मीटरवर टीडीएस ० यायला हवा. रेझिन संपत आलं की सिलिकेट सगळ्यात आधी निसटतं आणि मीटर ते धड दाखवतही नाही. म्हणून आकडा १-२ वर गेला की रेझिन बदलाच, महिनाभर ढकलू नका.

आपल्याकडे उन्हाळ्यात हे दुखणं वाढतं, त्याचंही कारण आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, टँकवर पंखे लागतात. सोलापूरची हवा कोरडी असल्यामुळे पंख्याने पाणी चांगलं दोन-तीन अंश उतरतं. मुंबईच्या दमट हवेत तेवढं उतरत नाही. पण त्याच कोरडेपणामुळे पाणी भराभर उडतं आणि रोज भर घालावी लागते. उडतं ते निव्वळ पाणी, मीठ आणि बाकी सगळं मागे राहतं. त्यामुळे भर गोड्या पाण्याचीच घालायची, खाऱ्या पाण्याची नाही. आणि ते गोडं पाणी कच्चं असेल तर रोज थोडं थोडं सिलिकेट टँकमध्ये साठत जातं. मे महिन्यात अचानक वाळू तपकिरी झाली तर आधी भरीच्या पाण्याचा टीडीएस मोजा.

सगळ्या तपकिरी-लाल डागांवर एकच औषध

नव्या टँकमध्ये पहिल्या काही आठवड्यांत येणारी कोरडी तपकिरी भुकटी बहुधा डायटम असते. पाणी शुद्ध असेल तर ती आपोआप जाते. तिच्यामागे लागू नका.

किरमिजी-लाल, बुळबुळीत, चादरीसारखी सोलून निघणारी साय म्हणजे सायनोबॅक्टेरिया. ती हमखास प्रवाह न पोचणाऱ्या कोपऱ्यात धरते. सायफनने ओढून काढा, वेव्हमेकरची (टँकमध्ये पाणी फिरवणाऱ्या पंपाची) दिशा बदला, गोठवलेलं खाद्य आरओच्या पाण्यात धुऊन घाला. मेडिकलमधून एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या आणून टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो. त्याने साय जाते, पण वाळूतले उपयोगी जिवाणूही मार खातात, आणि मूळ कारण जागेवर असलं की साय परत येते.

तिसरा प्रकार खरा त्रासाचा: डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो), एकपेशी सूक्ष्मजीव. शेंबडासारखे तपकिरी तंतू, टोकाला हवेचे बुडबुडे, दुपारी गच्च आणि रात्री जवळजवळ गायब. ओळखायचं असेल तर थोडा नमुना टँकच्याच पाण्यात घेऊन बाटलीत जोरात हलवा, टिश्यू पेपरातून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. तंतू पुन्हा जमले तर बहुधा डायनोच. इथे नेहमीचं शहाणपण उलटं पडतं. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर गेलेल्या, अति स्वच्छ टँकमध्येच ते फोफावतात. त्यामुळे पाणी बदलत राहिलात तर ते आणखी वाढू शकतात. फॉस्फेट शोषणारं मीडिया काढा, खाद्य थोडं वाढवा, नायट्रेट ५-१० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५-०.१ पीपीएमच्या आसपास येऊ द्या. शंख पटापट मरत असतील तर डायनोचा संशय आणखी पक्का धरा, काही जाती विषारी असतात.

एका दमात सगळी वाळू उपसणं

थर दोन ते पाच सेंटिमीटरचा असेल तर दर पाणीबदलीला चौथा हिस्साच साफ करा, पुढच्या वेळी पुढचा. वाळूतले जिवाणू नि किडे अमोनिया आणि उष्टं खाद्य संपवत असतात, त्यांना एकदम हुसकवायचं नाही. दहा सेंटिमीटरच्या वरचा जुना थर मात्र खोलवर खणूच नका. तळाशी प्राणवायू नसतो, काळा पट्टा आणि कुजक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. तो एकदम मोकळा झाला तर मासे जातात. असा टँक हलवायचा झाल्यास मासे आधी दुसरीकडे काढा.

वाळूचे गठ्ठे होऊन ती दगडासारखी झाली असेल तर ती घाण नाही. अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण) फार चढली किंवा चुन्याच्या निवळीचा डोस जास्त झाला की कॅल्शियम कार्बोनेट वाळूवर बसतं. आधी अल्कलिनिटी आणि मॅग्नेशियम तपासा, गठ्ठे हळूहळू हाताने फोडा.

भीमा-सीनेची वाळू चाळून घालण्याचा मोह टाळा. तिच्यात बेसॉल्टचे काळे कण आणि चिकणमाती असते. एक ते दोन मिलिमीटरची अॅरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळूच घ्या, साखरेइतकी बारीक घेतली तर वेव्हमेकर ती कोरलवर उडवतो.

सफाईला भलताच गडी

वाळू चाळणारा गोबी मासा पाहायला गोड, पण लहान टँकमध्ये वाळूतले किडे संपले की हाडं निघेपर्यंत सुकतो. चाळणाऱ्या ताऱ्यामाशाचंही तेच. नासारियस शंख बरे. परदेशी व्हिडिओंत समुद्रकाकडी सुचवतात. भारतात ती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे, पकडणं-विकणं गुन्हा आहे. कोणी विकायला आणली तरी घेऊ नका. आणि गोबी ठेवणार असाल तर खडक वाळूवर नको, थेट काचेवर टेकलेला हवा, नाहीतर त्याने बीळ खणलं की वरचा खडक ढासळतो.

लाइट गेली की वाळूचा विसर

वेव्हमेकर बंद पडला तरी वाळूतले जिवाणू प्राणवायू खातच राहतात. गरम पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो, त्यामुळे मेमधल्या दुपारी दोन तास वीज जाणं जानेवारीपेक्षा बरंच महागात पडतं. इन्व्हर्टरवर स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), दिवे नकोत. एक वेव्हमेकर जोडा. इन्व्हर्टर नसेल तर सेलवर चालणारा एअर पंप टँकखाली तयार ठेवा आणि त्याचे सेल मार्चमध्येच बदला.